वर्षभराचं ऋतुवाचन: कोणत्या दिवसांत काय, रोज किती आणि कुठून मिळवायचं

आर्द्रा

ऋतूप्रमाणे वाचायचं ठरवून पाडव्याला यादी केली जाते आणि ज्येष्ठापर्यंत ती बंद पडते. बहुतेक वेळा पुस्तकं बरोबर निवडलेली असतात, ती चुकीच्या दिनदर्शिकेला टांगलेली असतात. म्हणून हा धागा. पुस्तकाचं नाव सुचवताना ते कधी सुरू करायचं, रोज किती वाचायचं आणि कुठे अडकायला होतं हेही लिहा, म्हणजे पुढे येणाऱ्याला उपयोग होईल.

सुरुवातीला पाया. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं. सौरवर्षापेक्षा ते ११ दिवसांनी लहान, म्हणून ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला होता, २०२६ मध्ये १९ मार्चला. पण २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे २०२५ मध्ये ६ जुलैला आलेली आषाढी एकादशी २०२६ मध्ये २५ जुलैवर जाते. 'आषाढात पावसाच्या कविता' असं लिहून ठेवलेल्या माणसाच्या खिडकीबाहेर तोवर सव्वा महिना पाऊस पडून गेलेला असतो.

माझा नियम असा: सण, व्रत, वारी, पारायण यांचं वाचन तिथीला बांधायचं. पाऊस, शेती, झाडं, पक्षी यांचं सूर्याला, म्हणजे नक्षत्राला किंवा सरळ तारखेला. मुलांचं शाळेच्या सुट्टीला.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' (१९५६) चैत्र ते फाल्गुन असं महिन्यांनी लावलेलं आहे, म्हणून प्रत्येकाच्या यादीत ते पहिलं असतं आणि असायलाच हवं. मात्र झाडं अधिक मास पाळत नाहीत. बहावा एप्रिल-मेमध्ये फुलतो, पंचांगात चैत्र असो की वैशाख. तेव्हा प्रत्येक लेख दोनदा वाचावा: महिना लागताना एकदा, काय बघायचं ते कळायला, आणि महिना संपताना पुन्हा, काय दिसलं ते ताडायला. पेन्सिलीने समासात तारीख आणि गावाचं नाव टाका. तीन वर्षांच्या तारखा एकाखाली एक आल्या की तुमच्या गावचा चैत्र नेमका कधी येतो ते कळतं.

कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'चे सहा सर्ग ग्रीष्मापासून सुरू होतात, मग वर्षा, शरद, हेमंत, शिशिर, शेवटी वसंत. शास्त्राप्रमाणे ग्रीष्म ज्येष्ठ-आषाढाचा. तो हिशोब महाराष्ट्रात चालत नाही, कारण आषाढात ग्रीष्माचा सर्ग उघडला तर बाहेर धो धो पाऊस. पहिला सर्ग एप्रिलच्या मध्यावर घ्या, दुसरा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. शरदापासून पुढे मूळ महिने जुळतात. सगळं मिळून दीडशेच्या आसपास श्लोक आहेत. एक सर्ग एका बैठकीत होतो, आणि तो तसाच वाचावा. तुकडे केले तर ऋतू अंगाला लागत नाही.

---

निळा_बोरू

उत्तम धागा. मेघदूताबद्दल लिहितो, कारण 'आषाढाच्या पहिल्या दिवशी मेघदूत' हा नेम लोक करतात आणि तो एका दिवसातच संपतो.

या श्लोकात पाठभेद आहे: 'आषाढस्य प्रथमदिवसे' की 'प्रशमदिवसे'? जुना टीकाकार वल्लभदेव याचा पाठ 'प्रशम', म्हणजे आषाढ सरतानाचा दिवस. दुसरा टीकाकार मल्लिनाथ 'प्रथम' घेतो आणि दुसऱ्या पाठाची चर्चा करतो. वाद उगाच नाही. उत्तरमेघात, म्हणजे काव्याच्या दुसऱ्या भागात, मेघाकरवी बायकोला निरोप धाडणारा शापित यक्ष सांगतो की विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा शाप संपेल, अजून चार महिने काढ. विष्णू उठतो कार्तिकी एकादशीला. तिथून चार महिने मागे आलं की आषाढी एकादशी लागते, ना आषाढाचा पहिला दिवस, ना शेवटचा. दोन्ही बाजूंना थोडं ओढावं लागतं, म्हणून टीकाकार भांडतात.

आता वाचनाचा हिशोब. आषाढी ते कार्तिकी सुमारे ११८ दिवस. पाठपरंपरेनुसार मेघदूताचे श्लोक ११० ते १२० च्या आसपास. रोज एक श्लोक घेतला तर यक्षाच्या उरलेल्या शापाइतकाच वेळ लागतो. या काव्याला याहून नेमकं वेळापत्रक शोधून सापडणार नाही.

कृती: मूळ श्लोक मोठ्याने दोनदा म्हणायचा. सगळे मंदाक्रांता वृत्तात आहेत, चार अक्षरांनंतर पहिला यती म्हणजे थांबा, मग सहांनंतर, मग सात. यती सांभाळला की अर्धा अन्वय आपोआप सुटतो. मग एक मराठी अनुवाद. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके या सगळ्यांनी मेघदूत मराठीत आणलं आहे. एकाच वेळी चारही उघडू नका. एक पूर्ण चातुर्मास एकाच अनुवादाबरोबर काढा, पुढच्या वर्षी दुसरा घ्या.

अडकतं कुठे? पूर्वमेघात मार्गाचा भूगोल येतो तिथे: रामगिरी, आम्रकूट, रेवा, विदिशा, उज्जयिनी. भिंतीवर मध्य भारताचा नकाशा लावून मेघ पोचेल तिथे टाचणी लावत गेलं तर ते पंधरा दिवस कंटाळवाणे न होता सगळ्यात रंगतात.

---

पाडवा_ते_पाडवा

मला रोज पंधरा मिनिटंच मिळतात. वर्षभरात ज्ञानेश्वरी व्हावी असं मनात आहे. १८ अध्याय म्हणजे दर महिन्याला दीड अध्याय, बरोबर ना?

---

ओवीसंख्या

@पाडवा_ते_पाडवा, अध्यायांनी भागू नका, इथेच बहुतेकांचा नेम मोडतो. बाराव्या अध्यायात २४७ ओव्या आहेत, अठराव्यात १८०० हून जास्त. दीड अध्यायाच्या हिशोबाने निघालात तर बारावा आठवड्यात उरकेल आणि शेवटचा महिना रोज दुपटीहून जास्त वेळ बसावं लागेल.

ओव्यांनी भागा. एकूण नऊ हजारांच्या थोड्या वर. रोज २५ घेतल्या तर ३६५ दिवसांत ९१२५, म्हणजे चार दिवस आजारपणाला आणि पाहुण्यांना शिल्लक राहतात. २५ ओव्या मोठ्याने वाचायला सात-आठ मिनिटं, उरलेल्या वेळात कठीण शब्द. दृष्टांताच्या मधोमध पंचविसावी आली तर तिथे थांबू नका. ज्ञानेश्वरांचा दृष्टांत पाच-सहा ओव्या चालतो, तो पुरा करून खूण घाला आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्या कमी घ्या.

बाकीच्यांसाठी असेच तयार हिशोब:

दासबोध: २० दशक, प्रत्येकी १० समास, एकूण २००. दासनवमीला, म्हणजे माघ वद्य नवमीला, संपवायचा असेल तर श्रावण शुद्ध प्रतिपदेला सुरू करा. रोज एक समास. श्रावण प्रतिपदा ते श्रावण वद्य नवमी २३ दिवस, तिथून माघ वद्य नवमी सहा चांद्रमास म्हणजे १७७ दिवस. बेरीज २००. तिथीच्या क्षयवृद्धीने एखादा दिवस हलेल, तेवढंच. मध्ये अधिक मास आला तर मात्र महिनाभर उशिरा सुरू करायचं. २०२६ मध्ये अधिक मास ज्येष्ठातच होऊन जातो, त्यामुळे १३ ऑगस्टला सुरुवात करून १ मार्च २०२७ ला दासनवमी गाठता येते.

गुरुचरित्र: दत्तजयंतीला संपणारा सात दिवसांचा सप्ताह. ५३ अध्यायांना ७ ने भागायचं नसतं. प्रचलित वाटणीत रोजचा शेवट ९, २१, २९, ३५, ३८, ४३ आणि ५३ या अध्यायांवर होतो. पाचव्या दिवशी तीनच अध्याय, कारण ते लांब आहेत. जुन्या लोकांनी पानं मोजून वाटणी केली, अध्याय मोजून नाही. कोणत्याही मोठ्या ग्रंथाला ही रीत लावा.

गीतरामायण: आठवड्याला एक गीत. मुळात ते तसंच आलं. पुणे आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला सुरू झालं आणि पुढच्या रामनवमीपर्यंत चाललं. त्या वर्षी अधिक मास आला म्हणून गीतं ५२ न राहता ५६ झाली. गदिमांचे शब्द आधी पुस्तकातून वाचा, बाबूजींची, म्हणजे सुधीर फडक्यांची, चाल नंतर ऐका. चाल डोक्यात असली की डोळे शब्दांवरून घसरतात.

---

वाफसा

पावसाचं वाचन नक्षत्रांना बांधा, याला माझं जोरदार अनुमोदन. ही सूर्यनक्षत्रं असल्यामुळे तारखा एखाद्या दिवसापलीकडे हलत नाहीत: मृग ८ जून, आर्द्रा २२ जून, पुनर्वसू ६ जुलै, पुष्य २० जुलै, आश्लेषा ३ ऑगस्ट, मघा १७ ऑगस्ट, पूर्वा ३१ ऑगस्ट, उत्तरा १३ सप्टेंबर, हस्त २७ सप्टेंबर. प्रत्येकाला तेरा-चौदा दिवस. एक कवितासंग्रह नीट वाचायला हीच मुदत योग्य आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा, हे शब्द कानावर असले की कवितेतला पाऊस कोणता तेही ओळखू येतं.

बहिणाबाई चौधरींची गाणी हा शेतीच्या वर्षाचा सगळ्यात भरवशाचा ग्रंथ. लोक तो सलग वाचतात आणि निम्मा गमावतात. कामाच्या क्रमाने वाचा: पाडव्याला 'गुढी उभारनी', अक्षय्य तृतीयेला 'आखजी', मृगाला पेरणीचं गाणं, श्रावणी अमावास्येला 'पोया', सुगीत कापणी, मग रगडणी, मग उपणणी. रगडणी आणि उपणणी यांच्यात दोनच दिवसांचं अंतर ठेवा, खळ्यावरही ती कामं लागोपाठ येतात.

भाषेला बिचकू नका. दोन किल्ल्या पुरतात. 'ळ' चा 'य' होतो: पोळा तो पोया, डोळा तो डोया. 'ण' चा 'न' होतो: पेरणी ती पेरनी. तरीही अर्थ लागला नाही तर ओळ मोठ्याने म्हणा. डोळ्यांना न कळलेला शब्द कान ओळखतो. खानदेशात आखजी हा माहेरवाशिणींचा, झोक्यांचा सण आहे हे ठाऊक नसेल तर ते गाणं नुसतं वर्णन वाटतं.

ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' (१९६७) आर्द्रा ते पुष्य. इंदिरा संतांच्या पावसाच्या कविता मघापासून पुढे. तो पाऊस घरात बसून सोसायचा आहे, पेरणीच्या धांदलीत तो वाचू नये. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' पावसाळ्यात अजिबात घेऊ नका. दुष्काळाची शेवटची प्रकरणं एप्रिलच्या दुपारी वाचली की घशाला कोरड पडते.

जात्यावरच्या ओव्यांचा मोठा साठा पारी या संकेतस्थळावर खुला आहे, लाखाहून जास्त ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पातून ते संकलन उभं राहिलं. विषयवार वर्गीकरण असल्यामुळे पंढरीच्या ओव्या आषाढात, भाऊबीजेच्या कार्तिकात अशा काढता येतात. ध्वनिमुद्रण असेल तिथे आधी ऐका, छापील ओवीत गळ्याची ओढ उतरत नाही.

---

कपाट_क्रमांक_३

ग्रंथालयात 'ऋतू' नावाचं कपाट नसतं, आणि तालिकेत ऋतूनुसार नोंद होत नाही. म्हणून शोध आडवाटेने घ्यावा लागतो. पुस्तकं विषयवार अंकांनी लावायची ड्युई पद्धत असेल तिथे मराठी साहित्य ८९१.४६ ला, त्यात कविता ८९१.४६१. पण ऋतुवाचनाचा अर्धा खजिना साहित्याच्या कपाटात नसतोच. सण-उत्सव ३९४.२ ला, लोककथा-लोकगीतं ३९८ ला, निसर्गलेखन ५०८ ला, पक्षी ५९८ ला. या चार ठिकाणी जाऊन उभं राहा आणि अनुक्रमणिका चाळा. लहान वाचनालयात नुसते दाखलांक, म्हणजे पुस्तक आलं त्या क्रमाचे आकडे, असतात. तिथे ग्रंथपालांना लेखकाचं नाव न विचारता सरळ 'पावसावरचे ललित लेख' म्हणून विचारावं, त्यांना कपाट तोंडपाठ असतं.

संगणकावर शोधताना लोक एका गोष्टीला हमखास फसतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'श्रावणांत', 'पावसांत', 'कांहीं', 'नाहीं' असे अनुस्वार असतात. 'श्रावणात' टाकून शोधलं की जुनं सगळं वगळलं जातं. दोन्ही रूपं टाका, किंवा नुसतं 'श्रावण' टाका. दुसरी अडचण जुन्या टंकांची. श्रीलिपी, कृतीदेव यांत टंकलेल्या पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात पण शोध लागत नाही, कारण आतला मजकूर युनिकोड नसतो. नुसती पानांची छायाचित्रं असतील तर तीच गत. अशा वेळी अनुक्रमणिकेचं पान उघडून डोळ्यांनीच शोधायचं.

फुकट आणि कायदेशीर काय? आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. केशवसुत (१९०५), बालकवी (१९१८), गडकरी (१९१९), साने गुरुजी (१९५०), मर्ढेकर (१९५६) हे सगळे आता मुक्त आहेत. मराठी विकिस्रोतावर आधी शोधा. दुर्गाबाई २००२ साली गेल्या, तेव्हा 'ऋतुचक्र' विकत घ्यायचं किंवा वाचनालयातून आणायचं. समूहांवर फिरणारी फाइल घेऊ नका, त्यात पानंही गाळलेली असतात.

आता दिवाळी अंक. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने ही प्रथा घातली. शंभर वर्षांपलीकडची ही परंपरा म्हणजे हेमंताचं खरं वाचन, आणि लोक ते पंधरा दिवसांत संपवायला बघतात. असं करा: दिवाळीपूर्वी वाचनालयाची दिवाळी अंक योजना घ्या. वेगळं शुल्क भरलं की संक्रांतीपर्यंत किंवा त्याहून पुढे अंक बदलून मिळतात. विकत फक्त तीन-चार घ्या, जे पुन्हा उघडाल तेच. अंक हातात आला की अनुक्रमणिकेचं छायाचित्र काढून ठेवा. दिवाळी अंकातला मजकूर कुठल्याही तालिकेत सापडत नाही, दोन वर्षांनी 'ती कथा कुठे होती' याचं उत्तर त्या छायाचित्रातच मिळतं. क्रम: आधी कथा-कविता, डिसेंबरात दीर्घ लेख आणि परिसंवाद. राशिभविष्याची पानं सोडून अंकात शिळं होणारं फार थोडं असतं.

जुने अंक रद्दीच्या आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात फाल्गुनापर्यंत उतरतात. घेताना मधला फर्मा तपासा. तारेची शिवण असलेल्या अंकात मधली आठ-सोळा पानं सुटून गेलेली असतात आणि वरून ते कळत नाही.

---

दक्षिणायन

सिडनीत राहणाऱ्यांनी काय करावं? श्रावण इथे हिवाळ्यात येतो, दिवाळी वसंतात.

---

आर्द्रा

@दक्षिणायन, वरचा नियम तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोगी आहे. तिथीचं वाचन तसंच ठेवा. श्रावणाच्या कहाण्या श्रावणातच, मग बाहेर थंडी असो. निसर्गाचं वाचन सहा महिने सरकवा: ग्रीष्माचा सर्ग डिसेंबर-जानेवारीत, वसंताचा सप्टेंबर-ऑक्टोबरात. पावसाचं मात्र सरकवू नका. मोसमी पाऊस तिथे नाही, कुठल्याही महिन्यात ठेवलात तरी खिडकीशी जुळणार नाही. तो जूनमध्येच वाचा, घरून पाऊस पडल्याचे फोन येतात तेव्हा.

अमेरिका-कॅनडातल्यांसाठी: तिथी स्थानिक सूर्योदयाला कोणती आहे ते बघायचं, त्यामुळे एकादशी कित्येकदा तारखेने भारताच्या एक दिवस आधी येते. तिथल्या गावाचं पंचांग लावा, नाहीतर मेघदूताचा ११८ दिवसांचा हिशोब दोन्ही टोकांना चुकतो.

इंदूर, ग्वाल्हेर, दिल्लीकडच्यांनी आणखी एक बघावं. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो. आपला श्रावण वद्य पक्ष त्यांच्याकडे भाद्रपदाचा कृष्ण पक्ष, आणि त्यांचा सावन आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. दारावरच्या कॅलेंडरवर 'श्रावण' दिसला म्हणून सुरुवात केलीत तर दासबोध दासनवमीच्या पंधरा दिवस आधीच संपेल.

---

गोष्टीवेल्हाळ

मुलांसाठी. उन्हाळ्याच्या सुट्टीत 'श्यामची आई' रोज एक रात्र. पुस्तक ४२ रात्रींचं आहे, प्रकरणांना नावच 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' असं. १ मेला 'सावित्री-व्रत' वाचलं की बेचाळिसावी रात्र ११ जूनला येते. ११ जून १९५० हीच साने गुरुजींची पुण्यतिथी. शाळाही त्यानंतर लगेच उघडतात.

मोठ्याने वाचायला एका रात्रीला दहा ते वीस मिनिटं. आठ वर्षांखालच्या मुलांना लांब रात्र दोन भागांत वाचून दाखवा, पण मग तारीख चुकेल, तेव्हा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करा. शेवटच्या रात्रींत आईचं आजारपण आणि मृत्यू आहे. त्या रात्री झोपायच्या अगदी आधी वाचू नका, संध्याकाळी दिवेलागणीला वाचा, म्हणजे मुलांना बोलायला वेळ राहतो. जुने शब्द आधीच समजावून सांगायला बसू नका, मूल अडलं की विचारतं.

श्रावणात कहाण्या. वार ठरलेले आहेत: रविवारी आदित्यराणूबाई, सोमवारी खुलभर दुधाची, मंगळवारी मंगळागौर, बुधवार-गुरुवारी बुध-बृहस्पती, शुक्रवारी जिवती, शनिवारी संपत शनिवार. प्रत्येक कहाणी दहा मिनिटांच्या आत. 'आटपाट नगर होतं' पासून 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण' पर्यंत ठरलेल्या शब्दांत बदल करू नका. दुसऱ्या आठवड्यात मुलं तेच शब्द तुमच्याआधी म्हणतात. मराठी गद्याचा ठेका कानात बसवायला याहून सोपं साधन नाही.

हस्त नक्षत्र लागल्यापासून हादगा: सोळा दिवस, पहिल्या दिवशी एक गाणं, रोज एकाची भर, सोळाव्या दिवशी सोळा. घरात फक्त नवरात्राचा भोंडला होत असेल तर नऊपर्यंत. वही करा, एकेक गाणं त्या-त्या दिवशी लिहायचं.

'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात. चालू महिन्याचा, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा अंक उघडा. जूनच्या अंकात पाऊस आणि शाळा, नोव्हेंबरात दिवाळी. ऋतू जुळलेला असतो, शोधायचे कष्ट वाचतात.

---

मांडवीतीर

गोव्याची थोडी भर. बा. भ. बोरकर मराठीतही लिहायचे आणि कोंकणीतही. पावसाळ्यात त्यांच्या दोन्ही भाषांतल्या कविता समोरासमोर ठेवून वाचा. एकच समुद्र, एकच माड, पण कोंकणीत ओळ आखूड होते आणि सर अंगावर येते. पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात दोन्ही मिळतात. हे ग्रंथालय १८३२ चं. आणि मुंबई-पुण्याच्या याद्यांत 'पाऊस: १५ जूनपासून' असतं, ते आमच्याकडे दहा दिवस उशिराचं होतं.

---

पाडवा_ते_पाडवा

ओव्यांचा हिशोब पटला, रोज २५ ठरलं. वारीच्या दिवसांत वेगळं काही घ्यायचं असेल तर? आणि थंडीत काय? पौष-माघ अगदी रिकामे दिसतात.

---

निळा_बोरू

वारीसाठी दि. बा. मोकाशींची 'पालखी' (१९६४). सलग वाचू नका, पालखीच्या मुक्कामांबरोबर वाचा. ज्ञानेश्वरांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. मुक्काम पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. पुणे आणि सासवडला दोन-दोन रात्री, तिथे जास्त पानं घ्यायची. दिवेघाटाच्या दिवशी इरावती कर्व्यांचा 'वाटचाल' हा लेख जोडून घ्या, तो 'परिपूर्ती'त आहे. एकीकडे कथाकार, दुसरीकडे मानवशास्त्रज्ञ, आणि वाट तीच. दोघांनी दिंडीतल्या माणसांकडे कसं पाहिलं ते शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे. रोजचं वाचन संपलं की हरिपाठ, २७ अभंग, वीस मिनिटांत होतो.

थंडी मराठीत खरंच पातळ आहे. पावसावर शंभर कविता सापडतील तेव्हा शिशिरावर पाच. उगाच 'हिवाळी साहित्य' शोधत बसण्यापेक्षा थंडीत जे दिसतं त्याचं वाचन करावं. ऑक्टोबर ते मार्च स्थलांतरित पक्षी आपल्याकडे असतात. ५ नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा, आणि राज्यात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. तिथून चितमपल्ली सुरू करा. दिवसाला एकच लेख, आणि लेखातल्या पक्ष्याचं किंवा झाडाचं नाव वहीत: स्थानिक नाव, प्रमाण नाव, कुठे दिसलं. त्यांनी विदर्भातल्या जंगलांतून उचललेले शब्द शहरातल्या कोशात सहज मिळत नाहीत, तुमची वहीच कोश होते.

---

वाफसा

पौष-माघासाठी माझं मत गाथासप्तशतीला. हाल सातवाहनाची, महाराष्ट्री प्राकृतातली, दोन-दोन ओळींच्या सातशे गाथा. स. आ. जोगळेकरांची मराठी अनुवादासह आवृत्ती १९५६ ची आहे. गाथा ऋतूप्रमाणे लावलेल्या नाहीत, आणि तेच काम थंडीत करायचं.

सहा रंगांच्या कागदी पट्ट्या कापा, बोटभर रुंद. रोज दहा गाथा, म्हणजे सत्तर दिवस: मार्गशीर्षाच्या मध्यावर सुरू करून फाल्गुन लागण्याच्या सुमाराला संपतं. गाथेत पीक, फूल, ढग, वारा, शेकोटी, नदीचा पूर असं काही आलं की त्या ऋतूची पट्टी घाला. काहीच नसेल तर पट्टी नाही. प्रेमाच्या गाथेत ऋतू आडून येतो, म्हणून घाई करू नका: शेत राखणारी मुलगी आली की पीक उभं आहे, म्हणजे महिना ओळखता येतो. शंका असेल तिथे दोन पट्ट्या चालतील. डिंक लावू नका, वाचनालयाचं पुस्तक असेल तर पट्ट्यांऐवजी वहीत शतक आणि गाथेचा क्रमांक लिहा, उदाहरणार्थ २.४५ – वर्षा.

फाल्गुनात सातशे गाथांतून ऋतूवार निवडलेली वही तयार असते. पुढच्या पाडव्यापासून तीच उघडायची, ज्या दिवशी जी पट्टी लागू पडेल ती.

---

ओवीसंख्या

@वाफसा, एक सुधारणा. अधिक मासाच्या वर्षी मार्गशीर्ष डिसेंबरच्या मध्यावर सुरू होतो, मग सत्तर दिवस मार्चपर्यंत जातात आणि पळस फुलून जातो. तेवढ्या वर्षापुरती तारीख धरा: १ डिसेंबर ते ८ फेब्रुवारी, बरोबर सत्तर.

---

वाफसा

मान्य. झाडाझुडपांचं काम आहे, तारखेलाच बांधायला हवं होतं.